चौथ्या शनिवारवर मारलेली काट

मागच्या उन्हाळ्यात बीड बायपासवरच्या एका लॉनवर सहा शनिवार सहा बँड वाजले. त्यातल्या कोणाला ऐकायचं आणि कोणाला नाही, हे तीन अभ्यासिकांमधल्या चाळीसेक मुलामुलींच्या वतीनं मी ठरवलं. चौथ्या शनिवारवर मी काट मारली. त्या बँडमध्ये माझा सख्खा मामा ढोलकी वाजवत होता. सहांपैकी जो बँड पुढच्या खुर्च्या भरेल, त्याला लॉनवर कायमचं काम मिळणार होतं, आणि ते मिळालं असतं तर मॉलच्या पार्किंगमध्ये शिट्टी फुंकायची मामाची नोकरी सुटली असती. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. सबब म्हणून सांगत नाही. माहीत करून घ्यायची मला गरजच वाटली नव्हती, म्हणून सांगते.

लॉन म्हणजे काय ते आमच्या शहरात कोणाला समजावून सांगावं लागत नाही. ज्या जमिनीत पूर्वी ज्वारी यायची तिथं आता नवरदेव येतात. ज्या शनिवारी तिथी नसते त्या शनिवारी जागा रिकामी पडते आणि रिकामी जागा पाहिली की मालकाला झोप लागत नाही. म्हणून हे बँड. कमानीवरची 'शुभविवाह'ची अक्षरं काढून तिथं गिटारचं चित्र लावलेलं होतं. अक्षरांच्या खिळ्यांची भोकं मात्र तशीच होती. स्टेजवरचा नवरा-नवरीचा सोफा हलवायला चार माणसं लागतात, म्हणून तो जागेवरच ठेवून त्यावर काळं कापड टाकलं होतं. सगळे बँड त्या झाकलेल्या सोफ्यापुढं उभे राहून वाजवायचे. कोणी कितीही क्रांतीची गाणी म्हटली तरी मागं कोणाचं तरी लग्न अडलंय असंच वाटायचं.

आणि गवत. शहरात नळाला आठव्या दिवशी पाणी येतं. गारखेड्यात आमच्या गल्लीत माझी आई अजूनही पाण्याच्या वाराप्रमाणे कपडे धुते, पाहुण्यांना बोलावते, आजारीसुद्धा पडते. लॉनवरचं गवत रोज संध्याकाळी पाच वाजता भिजायचं. फवारे असे फिरायचे की बायपासवरून जाणाऱ्या टँकरवाल्यालाही हेवा वाटावा. त्या ओल्या गवतावर पांढऱ्या कव्हरच्या खुर्च्या, प्रत्येक खुर्चीच्या पाठीला जांभळी सॅटिनची फीत, आणि धुकं सोडणारे पंखे.

पास आम्हाला फुकट होते. मालक स्वतः अभ्यासिकेत येऊन देऊन गेला. स्पर्धा परीक्षेची पोरं तरुण दिसतात, पुढच्या चाळीस खुर्च्यांवर तरुण चेहरे असले की फोटो चांगले येतात, असा त्याचा हिशोब. आम्ही श्रोते नव्हतो, फितीसारखीच सजावट होतो. तरी आम्ही पास घेतले. बेचाळीस अंशांत दिवसभर पत्र्याच्या खोलीत राज्यघटनेची कलमं पाठ करणाऱ्या माणसाला धुकं सोडणारा पंखा कोणी फुकट देत असेल, तर तो आपलं तत्त्व जरा बाजूला ठेवतो. मी बाजूला ठेवलं नाही. मी ते बरोबर घेऊन गेले, आणि ते जास्त वाईट झालं.

परीक्षा जूनमध्ये होती. सहापैकी तीनच संध्याकाळी परवडणार होत्या. कोणत्या तीन, हा प्रश्न होता.

आता आमच्या घरातली एक रीत सांगायला हवी. माझे पप्पा एका छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायचे, पुढे कॉम्प्युटरवर बसले. शहरातल्या निम्म्या मोर्चांची पत्रकं त्यांच्या हातून गेली, त्यातली बरीच त्यांनीच लिहिलेली. आमच्याकडे डब्यांच्या तळाशी पत्रकं, खिडकीच्या फटीत पत्रकं, माझ्या वह्यांना कव्हर पत्रकांची. इतर मुलं कमळ-गवत शिकत होती तेव्हा मी 'जाहीर', 'निषेध' आणि 'प्रचंड संख्येने' वाचत होते. पप्पांनी मला पत्रक वाचायची एक पद्धत शिकवली: खालून वर वाच. वर फोटो आणि पाहुणे असतात, ते कोणीही लावतं. खाली बघ, सतरंज्या टाकणाऱ्यांची, खुर्च्या उचलणाऱ्यांची नावं आहेत का. असतील तर त्या सभेला जा. नसतील तर ती सभा नव्हे, कोणाचा तरी वाढदिवस आहे.

ही पद्धत चुकल्याचं मी कधी पाहिलं नव्हतं. म्हणून सहा बँडांची सहा पत्रकं मी अभ्यासिकेच्या गच्चीवर टाकीच्या सावलीत मांडली आणि खालून वर वाचायला घेतली. सोबत माझी वैजापूरची मैत्रीण होती. तिच्या घरी कांद्याची शेती. ती कोणतीही गोष्ट हातात घेऊन दाबून बघितल्याशिवाय विश्वास ठेवत नाही.

"गाणी ऐकलीस का कोणाची?" तिनं विचारलं. "फोनवर सापडतील ना."

"गाणी काय, सगळ्यांची गोडच असतात. भूमिका बघायची असते."

"तुला बँड ऐकायचाय का त्याची मुलाखत घ्यायचीय?"

मी तिच्याकडे दुर्लक्ष केलं. पहिल्या शनिवारच्या पत्रकावर काळ्या पार्श्वभूमीवर वळलेली मूठ होती, आणि तळाशी बारीक अक्षरात सगळ्यांची नावं: प्रकाशयोजना, ध्वनी, वाहनचालकसुद्धा. वाहनचालकाचं नाव बघून मी विरघळलेच. पास. दुसरा शनिवार जुन्या गाण्यांचा ऑर्केस्ट्रा, चकाकत्या जाकिटातले काका, काट. तिसरा सूफी, तळाशी एका अनाथाश्रमाला मदतीचा उल्लेख, पास. चौथ्याच्या पत्रकावर काहीच नव्हतं. पांढरा कागद, मधोमध एक ढोलकी आणि एक गिटार अशी हातानं काढलेली चित्रं, वार, वेळ. खाली एकही नाव नाही.

"हे साधं आहे," मैत्रीण म्हणाली. "मला आवडलं."

"साधं नाही, भित्रं आहे. ज्याला स्वतःचं नाव लिहायला भीती वाटते तो काय गाणार."

"कशावरून भीती? विसरले असतील. डिझाईनवाल्यानं उडवलं असेल."

"नाव उडवणाऱ्या डिझाईनवाल्याला जे काही म्हणत नाहीत, ते आणखी वाईट."

मी काट मारली. लाल पेननं, दोनदा. पाचवा पास झाला, सहावा गेला, त्यांच्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. मग मी माझं पत्रक लिहिलं. 'श्रोत्यांनो, खुर्ची विकू नका' असं शीर्षक. कोणत्या शनिवारी जायचं, कोणत्या शनिवारी बहिष्कार, आणि का. चौथ्या बँडबद्दल मी लिहिलं होतं, 'ना नाव, ना गाव, ना भूमिका. भाड्यानं आणलेले हात. अशांपुढं बसणं म्हणजे रिकाम्या भांड्याला नमस्कार करणं.' हे वाक्य मला फार आवडलं होतं. खाली 'सजग श्रोते' असं लिहून झेरॉक्स काढल्या आणि तीन अभ्यासिकांच्या जिन्यात लावल्या. पोरांनी ते मानलं. माझ्या विचाराचा विजय वगैरे काही नव्हता. कोणीतरी ठरवून दिलं की आपलं डोकं वाचतं, एवढंच. पण मला तो विजयच वाटला.

पहिल्या शनिवारी आम्ही चाळीस जण गेलो. मुठीवाला बँड आला. मनगटाला लाल फडकी, गुडघ्यावर फाटलेल्या जीन्स, आणि मुख्य गाणारा असा ओरडत होता जणू समोर फौज उभी आहे. समोर पनीर टिक्का खाणारी कुटुंबं होती. 'उठा, पेटा' असं एक गाणं झालं. ते संपल्यावर त्यानं घाम पुसला आणि बायपासवरच्या एका नव्या प्लॉटिंगच्या मालकाचे आभार मानले. एन.ए. प्लॉट, क्लिअर टायटल, साईट व्हिजिट मोफत. मग पुन्हा मूठ. मागून कोणीतरी सांगितलं की ते प्लॉटिंग त्याच्या वडिलांचंच आहे. वाहनचालक, ज्याच्या नावानं मी विरघळले होते, तो त्याच्याच घरचा ड्रायव्हर होता आणि स्टेजच्या मागं उभा राहून त्याला थंड पाण्याची बाटली देत होता.

"भूमिका लई क्लिअर आहे," मैत्रीण माझ्या कानात म्हणाली. "क्लिअर टायटल."

मी म्हटलं, आंदोलनालाही पैसा लागतो. असलं काहीतरी म्हटलं, आणि टाळ्यासुद्धा वाजवल्या. माझ्या पत्रकात पास होतं ते माझ्या डोळ्यांसमोर नापास होत होतं, आणि मी निकाल बदलायला तयार नव्हते.

तिसऱ्या शनिवारी सूफी. मे महिन्यात अंगावर शाल घेतलेला माणूस एक तर आजारी असतो किंवा कलावंत. ज्या शहरात अंडाभुर्जीचा गाडीवाला गिऱ्हाइकाशी याच्याहून साफ उर्दू बोलतो, त्या शहरात येऊन हा दर ओळीनंतर आम्हाला तिचा अर्थ समजावून सांगत होता, आणि तोही चुकीचा. अनाथाश्रमाचं नाव त्यानं शेवटपर्यंत घेतलं नाही. मी तेव्हाही टाळ्या वाजवल्या, पण हळू.

चौथ्या शनिवारच्या आधी, बुधवारी, मामाचा फोन आला.

मामा पिशोरचा. तीस वर्षं भीमगीतांच्या गायन पार्टीत ढोलकी वाजवली त्यानं. कन्नडपासून जालन्यापर्यंत कोणत्या गावात मांडव कुठं पडतो हे त्याला तोंडपाठ. जयंतीच्या महिन्यात त्याला घरी जेवायला वेळ नसायचा. पप्पा पत्रकांचा गठ्ठा घेऊन मांडवात यायचे तेव्हा मी त्यांच्या बोटाला धरून असायचे. मामा खाली बघून वाजवायचा, वर कधी बघायचा नाही. गाणं संपलं, सगळं थांबलं, की त्यानंतर तो डाव्या हातानं एक हलकी थाप मारायचा, निघताना दार ओढून घ्यावं तशी. ती थाप त्याची सही होती. मग जयंतीत डीजे आले. आमच्याच पोरांनी आणले, वर्गणी काढून, भिंतीएवढे. ज्या पोरांच्या बारशाला मामा वाजवून आला होता, त्याच पोरांनी त्याला सांगितलं, काका, आता आवाज कमी पडतो. पार्टी फुटली. मामा शहरात आला, एका मॉलच्या तळघरात निळा शर्ट घालून गाड्या मागं-पुढं घेऊ लागला. ढोलकी सोडून शिट्टी. त्यावर आमच्या घरात कोणी बोलत नसे.

"काय करायलीस शनवारी?" मामानं विचारलं.

"अभ्यास."

"लॉनवर नाय जायचं व्हय? तुमी समदे जाताव म्हणं."

"या शनिवारी नाही. या शनिवारचा बँड आम्ही काटलाय."

"काटलाय म्हंजी?"

"बहिष्कार. मी पॉम्प्लेट काढलंय. तिन्ही अभ्यासिकांमधून एक माणूस जाणार नाही."

तळघरातून कोणाची तरी गाडी रिव्हर्स होताना पिपाणी वाजत होती.

"काय केलं त्यांनी?"

"काहीच केलं नाही, हाच तर मुद्दा आहे. खाली एक नाव नाही मामा. कोण वाजवतंय, कोण गातंय, पत्ता नाही."

"ऐकलंस का त्यांला?"

"ऐकायची काय गरज? खालून वर वाचलं की कळतं."

"व्हय," मामा म्हणाला. "दाजीनं शिकवलंय त्ये. वाचायला लई हुशार हायेस तू." मग त्यानं आईची चौकशी केली, पाणी कधी येऊन गेलं विचारलं, आणि "बरं, कर अभ्यास" म्हणून फोन ठेवला.

शनिवारी मी अभ्यास केला नाही. साडेसहाला वैजापूरच्या मैत्रिणीला घेऊन लॉनवर गेले. बँड ऐकायला नाही. माझ्या पत्रकानं रिकाम्या झालेल्या चाळीस खुर्च्या मला डोळ्यांनी बघायच्या होत्या. ज्यानं कधी पत्रक लिहिलं नाही त्याला ही हाव कळणार नाही. सभा भरलेली बघून जो आनंद होतो त्याच्या दुप्पट आनंद आपण रिकामी केलेली सभा बघून होतो.

खुर्च्या रिकाम्या होत्या. पुढच्या चार रांगा, पांढऱ्याशुभ्र, चाळीसच्या चाळीस. फवारे नुकते बंद झाले होते. मागं दहा-बारा टेबलांवर कुटुंबं जेवत होती. लॉनचा मालक फोन आडवा धरून इकडून तिकडून फोटोचा कोन शोधत होता.

"टक्कल दिसायलंय सगळं," तो मॅनेजरला म्हणाला. "दोन-चार वेटर बसव पुढं."

"मग वाढायचं कोणी, शेठ?"

आम्ही कमानीजवळच थांबलो. मैत्रिणीनं बर्फाचा गोळा घेतला. स्टेजकडे आमची पाठ होती, कारण तिकडे बघायचं नाही असं मी ठरवलं होतं. गाणं चालू होतं. मुलीचा आवाज होता, साधा, शिकवणीतला नव्हे. गाणं नळाबद्दल होतं. आठव्या दिवशी येणाऱ्या नळासाठी घरातली पाच माणसं कशी उठतात, कोण हंडा धरतं, कोण मोटार लावतं, आणि पाणी आल्यावर कसं कोणीच कोणाशी बोलत नाही. ओल्या गवतासमोर, फवाऱ्यांच्या मालकासमोर, ती हे गात होती. गाण्यात कुठंही मूठ नव्हती.

"हे तुमच्याच गल्लीचं आहे," मैत्रीण म्हणाली. "ऐक तर."

मी ऐकत नव्हते. मी वाद तयार करत होते. गाणं संपलं. गिटार थांबली. आणि सगळं थांबल्यावर मागून एक थाप आली, डाव्या हाताची, हलकी, दार ओढून घ्यावं तशी.

मी वळले. स्टेजवर इंजिनिअरिंगच्या वयाची दोन मुलं, एक मुलगी, आणि मधोमध, काळं कापड टाकलेल्या सोफ्यापुढं, मांडी घालून मामा. जयंतीला घालायचा तो पांढरा सदरा. खाली मान.

मैत्रिणीला मी हातानं ओढत पहिल्या रांगेत नेलं. तिचा गोळा गळत होता. चाळीस खुर्च्यांत आम्ही दोघी बसलो. दोन माणसांनी काहीच भरत नाही. उलट बाकीच्या अडतीस आणखी रिकाम्या दिसतात. त्यांनी आणखी पाच गाणी म्हटली. मला संगीतातलं फारसं कळत नाही आणि त्या संध्याकाळचं मी खोटं कौतुक करणार नाही; दोन गाणी कच्ची होती, एक मुलगा सारखा पुढं पळत होता. पण प्रत्येक वेळी तो पळाला की ढोलकी त्याला बाहीला धरून मागं आणायची, कोणाच्या लक्षात येणार नाही अशी. मामानं एकदाही वर पाहिलं नाही.

संपल्यावर आम्ही स्टेजच्या बाजूला गेलो. तिथं पाण्याचे जार ठेवले होते. मामा ढोलकीला खोळ घालत होता.

"आलीस व्हय," तो म्हणाला. "बहिष्कार उठवला का?"

"मामा, तू सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर मामा हाय म्हून आली असतीस. चाळीस घेऊन आली असतीस. खुर्च्या भरल्या असत्या." त्यानं खोळीची नाडी ओढली. "मला बघायचं व्हतं, नुसत्या वाजवण्यावर कोण येतंय का."

"पण नाव का नव्हतं खाली? एक नाव असतं तरी..."

ज्या मुलीनं गाणं म्हटलं होतं ती मध्येच बोलली. "आम्ही काकांना विचारलं होतं नाव काय टाकू. ते म्हणाले, ढोलकीवाल्याचं नाव नसतं पत्रकावर. मग आम्ही म्हटलं, काकांचं नाही तर आपलंही नको."

हे ऐकताना माझ्या डोळ्यांपुढं आमच्या घरातली जुनी पत्रकं आली, डब्यांच्या तळाशी असलेली. भीमगीतांचा जंगी कार्यक्रम, गायक अमुक-तमुक आणि पार्टी. तीस वर्षं प्रत्येक पत्रकावर गायकाचं नाव ठळक आणि पुढं 'आणि पार्टी'. मामा त्या 'आणि पार्टी'मध्ये होता. पेटीवाला, झांजवाला, कोरसवाले, सगळे त्यातच. सतरंज्या टाकणाऱ्यांची नावं मिरवणाऱ्या आमच्या पत्रकांवर वाजवणाऱ्यांची नावं कधीच नव्हती. त्यातली निम्मी पत्रकं माझ्या पप्पांनी जुळवली होती. नाव नसणं म्हणजे काय हे जगात कोणाला कळायला हवं होतं, तर ते आमच्या घराला. आणि मी मामालाच भित्रा म्हणाले होते, लाल पेननं, दोनदा.

तेवढ्यात मालक आला. माणूस वाईट नव्हता, म्हणजे वाईट व्हायला लागतो तेवढाही विचार त्यानं कशाचा केला नव्हता.

"काका, हात चांगलाय तुमचा," तो म्हणाला. "सच्ची बोलतो. पण पब्लिक नाय. पहिल्या शनिवारवाल्यांनी कसं, पुढून सगळं पॅक केलं होतं. काम मी त्यांनाच देणार, उरलेले दोन शनिवार नुसते उरकायचे. उगं आशेवर ठेवत नाय." मग त्यानं खिशातून एक घडी घातलेला कागद काढला. "अन् तुमचं कोणाशी वाकडंय का? अभ्यासिकेत हे लागलंय म्हणे. आमचा मॅनेजर काढून घेऊन आला."

पहिल्या शनिवारच्या चाळीस खुर्च्या मीच भरल्या होत्या. प्लॉटिंगवाल्याच्या मुलाला काम मी मिळवून दिलं होतं.

मामानं कागद हातात घेतला. चष्मा लावला. आणि खालून वर वाचला.

"ह्याच्याखाली कोणाचं नाव नाय," तो म्हणाला.

चेष्टेचा सूर नव्हता. कोणी पत्ता विचारावा तसं तो म्हणाला. 'सजग श्रोते'. मी ते लिहिलं तेव्हा मला वाटलं होतं की हा नम्रपणा आहे.

"माझं आहे ते," मी मालकाला म्हटलं. "मी लिहिलंय."

"बरं मग?" मालक म्हणाला. "आता मी काय करू त्याचं, मॅडम?"

त्याचं बरोबर होतं. त्याला करण्यासारखं काही नव्हतं. तो खुर्च्या मोजणारा माणूस होता आणि खुर्च्या मोजून झाल्या होत्या. मी त्याला बरंच काही सुनावलं. फवाऱ्यांबद्दल, फितींबद्दल, क्लिअर टायटलबद्दल. त्यानं ते सगळं, जेवण कमी पडलं म्हणून वऱ्हाडी ओरडतात ते जसं ऐकायची सवय असते, तसं ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी अभ्यासिकांचे पास बंद केले. अभ्यासिकेतली पोरं माझ्यावर चिडली. धुक्याचा पंखा गेला ना. बहिष्कारात माझ्यामागं उभ्या राहिलेल्या चाळिसातला एकही जण त्या दिवसानंतर मला, तो बँड कसा होता, असं विचारायला आला नाही.

मामानं तो कागद परत दिला नाही. घडी घालून ढोलकीच्या खोळीत ठेवला.

घरी मी पप्पांना सगळं सांगितलं. त्यांनी उठून साखरेचा डबा रिकामा केला, तळाचं पत्रक काढलं, बघितलं आणि पुन्हा तिथंच घातलं. "जागा नसायची," ते म्हणाले. "एका पानात किती नावं बसवणार." मी त्यांच्याशी भांडले नाही. पहिल्यांदाच त्यांचं एखादं वाक्य मला मालकाच्या वाक्यासारखं वाटलं.

पुढच्या आठवड्यात मी नवं पत्रक लिहिलं. माझ्या आयुष्यातलं सगळ्यांत नीट लिहिलेलं. चौथ्या शनिवारी कोणी काय वाजवलं, नळाचं गाणं काय होतं, पहिल्या शनिवारवाल्यांना मी का निवडलं आणि ते कसं चुकलं, सगळं. एकही टाळीचं वाक्य नाही. खाली सगळी नावं: गाणारी, गिटारवाला, पुढं पळणारा तो मुलगा, आणि सगळ्यांच्या आधी ढोलकी, मामाचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, आणि गाव. शेवटी माझं नाव, चूक माझी असं लिहून. पप्पांनी ते स्वतः जुळवलं, नावं ठळक केली.

पहिली प्रत घेऊन मी सोमवारी दुपारी मॉलच्या तळघरात गेले. मामा खांबाजवळ उभा होता, निळ्या शर्टात, गळ्यात शिट्टी. त्यानं चष्मा लावला आणि खालून वर वाचायला सुरुवात केली. माझ्या नावावर थांबला, मान हलवली. स्वतःच्या नावावर जास्त वेळ थांबला. त्यावरून अंगठा फिरवला, शाई येतीय का बघावं तसा.

"नाव बरोबर लिवलंय," तो म्हणाला. "तुझ्या आज्याचं बी बरोबर हाय."

मग तो वर गेला. वरपर्यंत वाचून झाल्यावर त्यानं कागद उलटा करून पाठीमागं बघितलं.

"कार्यक्रम कुठं हाय?"

"म्हणजे?"

"पॉम्प्लेट हाय ना? वार नाय, टाइम नाय, जागा नाय."

"हे कार्यक्रमाचं नाही मामा. हे... झालं त्याबद्दल आहे."

"आसं," तो म्हणाला. त्यानं कागदाच्या चार घड्या घातल्या आणि तो शर्टाच्या खिशात ठेवला, कंपनीचं नाव शिवलेल्या खिशात. "मंग ह्ये घेऊन वाजवायला कुठं जाऊ?"

उतारावरून एक पांढरी गाडी येत होती. मामानं शिट्टी तोंडात धरली आणि मला हातानं बाजूला व्हायची खूण केली.